पॅकेट गेलं, उत्तर आलं नाही

चार वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. कमांड परत दिली, परत चार वेळा तेच. स्क्रीनवर तीन राउटर एका ओळीत, आर-१, आर-२, आर-३, दोन्ही टोकांना एकेक पीसी, सगळ्या केबलींच्या टोकांना हिरवे त्रिकोण म्हणजे लिंक सगळ्या चालू, आणि तरी डावीकडच्या पीसीवरून उजवीकडच्या पीसीला पिंग, म्हणजे 'पोहोचतंय का' असं विचारणारं छोटं पॅकेट, काही जात नव्हतं. म्हणजे जात नव्हतं असं मी धरून चालले होते. ते व्यवस्थित जात होतं. हे समजायला मला तीन तास लागले, आणि राउटिंगमधलं मला आज जे काही कळतं त्याची सुरुवात त्या तीन तासांत झाली.

त्याआधी पाच-सहा महिने मी नुसती वाचत होते. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्सचे, म्हणजे रस्त्याची माहिती कुठून आली त्यावरून राउटर तिच्यावर किती भरवसा ठेवतो त्याचे (जितका लहान तितका भरवसा जास्त), आकडे तोंडपाठ होते, थेट जोडलेलं नेटवर्क ०, हातानं सांगितलेला स्टॅटिक १, आणि राउटर आपसांत रस्ते कळवतात त्या प्रोटोकॉलपैकी ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. व्हिडिओ बघताना सगळं पटायचं, पुढचं वाक्य काय येणार तेही कळायचं, आणि तरीही रिकाम्या स्क्रीनवर राउटर ओढून आणून ठेवला की पहिली कमांड कोणती द्यायची ते सुचायचं नाही. शेवटी एक दिवस पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कचा सिम्युलेटर उघडला आणि ठरवलं की जोपर्यंत या टोकाचं पिंग त्या टोकाला जात नाही तोपर्यंत वाचायचं काहीच नाही.

तर ती लॅब, म्हणजे सरावासाठी बांधलेलं नेटवर्क. डावीकडे १९२.१६८.१.०, उजवीकडे १९२.१६८.३.०, मधल्या दोन लिंकना दहाच्या मालिकेतले छोटे ॲड्रेस. आर-१ ला सांगितलं, तीनचं नेटवर्क हवं असेल तर आर-२ कडे दे. आर-२ ला सांगितलं, तीनचं नेटवर्क आर-३ च्या पलीकडे आहे. आर-३ ला काही सांगायची गरज नाही कारण तीनचं नेटवर्क त्याला थेट जोडलेलंच आहे. माझ्या हिशोबानं काम पूर्ण. मग पिंग, आणि मग ते चार टाइमआउट.

पहिले दोन तास मी काय केलं, तर सगळे ॲड्रेस पुन्हा तपासले, सबनेट मास्क तपासले, पीसीचा गेटवे तपासला, आर-१ वरचा रूट, म्हणजे त्याला सांगितलेली रस्त्याची ओळ, काढून परत टाकला, मग सगळी लॅब पुसून पहिल्यापासून बांधली, आणि हुबेहूब तीच चूक परत केली कारण चूक टायपिंगमध्ये नव्हतीच, माझ्या डोक्यातल्या चित्रात होती. शेवटी सिम्युलेशन मोड लावला. पॅकेट ट्रेसरमध्ये या मोडला काळ थांबतो आणि पॅकेट एका छोट्या पाकिटाच्या रूपात दिसतं, तुम्ही बटण दाबाल तसं एकेक पाऊल पुढे सरकतं. मी बटण दाबत गेले. पीसीवरून स्विच, स्विचवरून आर-१, आर-२, आर-३, आणि पाकीट सरळ उजवीकडच्या पीसीवर जाऊन पोहोचलं. मी बघतच राहिले. पोहोचलं की! मग उजवीकडच्या पीसीनं उत्तराचं पाकीट परत पाठवलं, ते आर-३ वर आलं, आणि तिथे त्याच्यावर लाल फुली पडली.

आर-३ ला १९२.१६८.१.० हे नाव कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी नव्हतं सांगितलं.

मग आर-३ वर परतीचा रूट टाकला, पुन्हा बटण दाबत गेले, आता पाकीट आर-३ वरून सुटून आर-२ वर आलं आणि तिथे फुली. कारण आर-२ ला पण फक्त जाण्याचाच रस्ता माहीत होता. आर-२ वर दुसरा रूट टाकला, आणि मग एक टाइमआउट आणि तीन उत्तरं. तो एक टाइमआउट का आला हे तेव्हा कळलं नाही, पण ती तीन उत्तरं बघून मला जो आनंद झाला तो मला अजून आठवतो.

इथे थोडं थांबून सांगते, कारण नवीन शिकणाऱ्यांशी बोलताना हा मुद्दा मला दर वेळी सांगावासा वाटतो. राउटरला पॅकेट कुठून आलंय याच्याशी घेणंदेणं नसतं. तो फक्त कुठे जायचंय ते बघतो, आपल्या टेबलमध्ये त्या पत्त्याला सगळ्यात जवळून जुळणारी ओळ शोधतो आणि शेजाऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो. त्या पॅकेटला त्यानं मघाशी इकडून तिकडे नेलं होतं हे त्याच्या लक्षात राहत नाही. उत्तर म्हणजे त्याच्या दृष्टीनं एक कोरं करकरीत नवीन पॅकेट, ज्याचा रस्ता पुन्हा पहिल्यापासून शोधायचा. आपण माणसं रस्ता म्हटलं की जाऊन येऊन एकच धरतो, ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत येतो, त्यामुळे हे डोक्यात बसायला वेळ लागतो. नेटवर्कमध्ये जाणं आणि येणं हे दोन स्वतंत्र प्रवास असतात आणि दोन्ही वेगवेगळे सांगावे लागतात.

आणि एरर मेसेज सुद्धा हेच सांगत असतात, फक्त ते वाचायला शिकावं लागतं. समजा आर-१ लाच पुढचा रस्ता माहीत नसता, तर त्यानं स्वतः उत्तर दिलं असतं, १९२.१६८.१.१ कडून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. म्हणजे कुणीतरी दारातच सांगतंय की पुढे जाता येणार नाही, आणि कोण सांगतंय त्याचा पत्ताही देतंय. नुसता टाइमआउट म्हणजे कुणी काहीच बोललं नाही. अशा वेळी मी आता पहिली शंका परतीच्या रस्त्यावर घेते. माझ्या त्या लॅबमध्ये आर-३ नं खरं तर तक्रार केली होती, पण ती केली उजवीकडच्या पीसीकडे, कारण हरवलेलं पॅकेट त्याचं होतं. मी डावीकडे बसून वाट बघत होते.

त्या एका टाइमआउटचं कोडं नंतर सुटलं. राउटरवरून पिंग केलं की पाच पॅकेट जातात, उत्तर आलं तर उद्गारचिन्ह उमटतं, नाही आलं तर दोन सेकंद थांबून ठिपका. नव्या लॅबमध्ये पहिल्यांदा पिंग केलं की हमखास एक ठिपका आणि चार उद्गारचिन्हं. तो ठिपका म्हणजे एआरपी, पुढच्या यंत्राचा आयपी ॲड्रेस माहितीये पण हार्डवेअरचा ॲड्रेस माहीत नाही, तो विचारून येईपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलं जातं. लगेच दुसऱ्यांदा पिंग केलं की पाचही उद्गारचिन्हं. हे वाक्य मी आधी नक्की वाचलं असणार, पण तो ठिपका स्वतःच्या स्क्रीनवर बघून, हे असं का, म्हणून अस्वस्थ होऊन शोधलं तेव्हा ते कायमचं बसलं.

त्यानंतर मला मुद्दाम मोडायची सवय लागली. दोन राउटर घेतले, पहिल्याला सांगितलं जे माहीत नाही ते दुसऱ्याकडे दे, दुसऱ्याला सांगितलं जे माहीत नाही ते पहिल्याकडे दे, आणि कुठेच नसलेल्या पत्त्याला ट्रेसराउट, म्हणजे वाटेतले टप्पे एकेक करून दाखवणारी कमांड, दिली. स्क्रीनवर एक, दोन, एक, दोन, एक, दोन, तीस ओळी. पॅकेट दोघांच्या मध्ये चेंडूसारखं फिरतंय, प्रत्येक टप्प्याला टीटीएल, म्हणजे पॅकेटवर लिहिलेला उरलेल्या टप्प्यांचा आकडा, एकानं कमी होतंय आणि शून्य झालं की ज्याच्या हातात असेल तो ते टाकून देतोय. टीटीएल नसतं तर ते पॅकेट फिरतच राहिलं असतं. ट्रेसराउट सुद्धा याच आकड्यावर चालतं, आधी टीटीएल १ देऊन पाठवायचं, पहिला राउटर ते टाकून देऊन तसं कळवतो, त्यातून त्याचं नाव कळतं, मग २, मग ३. हे १९८७ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी लिहिलं. मला ही कल्पना अजूनही फार सुंदर वाटते, पॅकेट मरताना जो निरोप येतो त्यावरून रस्ता शोधायचा.

मग रिप आणि ओएसपीएफ. याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण ओएसपीएफ लवकर सावरतं हे वाक्य सगळीकडे असतं पण लवकर म्हणजे किती ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. मी तीन राउटरचा त्रिकोण केला, म्हणजे एक रस्ता तुटला तर दुसरा आहे. सततचं पिंग चालू ठेवलं आणि केबल काढली. काहीच झालं नाही! एखादा ठिपका आणि लगेच परत उद्गारचिन्हं. मला वाटलं, इतकंच? मग लक्षात आलं की केबल थेट राउटरमधूनच निघाल्यावर इंटरफेस, म्हणजे केबल लावायचं तोंड, बंद पडतो आणि राउटरला ताबडतोब कळतं, त्यात प्रोटोकॉलची परीक्षाच होत नाही. म्हणून दोन राउटरच्या मध्ये एक स्विच टाकला आणि केबल स्विचच्या पलीकडची काढली. आता अलीकडच्या राउटरच्या दृष्टीनं इंटरफेस चालू, दिवा हिरवा, फक्त शेजारी गप्प झालाय.

ओएसपीएफ अशा लिंकवर दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतं आणि ४० सेकंद हॅलो आलं नाही तर शेजारी गेला असं धरतं. स्क्रीनवर ठिपके सुरू झाले. एक, दोन, पाच, दहा. पंधरा-वीस ठिपके झाले आणि मग उद्गारचिन्हांची रांग सुरू झाली, दुसरा रस्ता सापडला. मग तीच लॅब रिपवर. रिप दर ३० सेकंदांनी आपलं टेबल शेजाऱ्यांना सांगतं, १८० सेकंद काही ऐकू आलं नाही की त्या रस्त्याला 'पॉसिब्ली डाउन' म्हणतं, आणि २४० सेकंदांनी टेबलमधून काढतं. मी बसून राहिले. ठिपक्यांची पहिली ओळ भरली, दुसरी सुरू झाली. त्या मधल्या काळात हात चुळबुळ करायला लागतात, आपणच काहीतरी चुकीचं केलंय असं वाटायला लागतं, आणि खऱ्या नेटवर्कवर त्या प्रत्येक ठिपक्यामागे कुणाचा तरी फोन मध्येच तुटलेला असतो. ४० आणि १८० हे आकडे मी शंभर वेळा वाचले होते. त्या दिवशी ते मी मोजले.

बाकी साधनांबद्दल थोडक्यात. पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर आहे, म्हणजे राउटर कसा वागतो याची नक्कल, त्यामुळे त्यात सगळ्या कमांड नसतात आणि कधीतरी 'ही कमांड का घेत नाही' म्हणून डोकं धरून बसायला होतं, पण सुरुवातीला तो अगदी पुरेसा आहे आणि त्यातलं ते सरकणारं पाकीट मला दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट मिळालेलं नाही. जीएनएस३ मध्ये राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवता येतं. त्यातल्या डायनामिप्स या एम्युलेटरवर जुने राउटर चालवले की लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुरू होतो, कारण त्या राउटरच्या सॉफ्टवेअरला काम नसलं तरी ते आतल्या आत एका रिकाम्या लूपमध्ये फिरत असतं आणि एम्युलेटरला ते रिकामं आहे हे कळत नाही, तो इमानदारीत प्रत्येक सूचना चालवत बसतो. तो लूप कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगावं लागतं, त्यालाच आयडल-पीसी म्हणतात, ते बरोबर लागलं की शंभर टक्क्यांवर गेलेला सीपीयू खाली येतो. आणि ज्यांच्याकडे साधं मशीन आहे त्यांनी लिनक्सवर नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच मशीनमधले नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे, बनवून त्यात एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर चालवावं असं मी आग्रहानं सांगेन, फुकट आहे, सोर्स उघडा आहे आणि एका मशीनवर दहा-बारा राउटर सहज मावतात. फक्त आयपी फॉरवर्ड चालू करायला विसरू नका. लिनक्समध्ये तो आकडा मुळात ० असतो, म्हणजे मशीन दुसऱ्यांची पॅकेट पुढे ढकलत नाही.

लिनक्सवरच मला परतीच्या रस्त्यानं दुसऱ्यांदा गाठलं. चार राउटरचा चौकोन होता, ए पासून डी पर्यंत जायला दोन वाटा, एक बी वरून, एक सी वरून. ओएसपीएफ सगळ्यात कमी कॉस्टची वाट निवडतं आणि कॉस्ट ही बाहेर पडणाऱ्या इंटरफेसवर लागते, म्हणून ए वरून बी कडे जाणारी बाजू मी महाग केली आणि डी वरून सी कडे जाणारी महाग केली. आता जाताना सी वरून, येताना बी वरून. टेबलं अगदी बरोबर दिसत होती, दोन्ही दिशांचे रूट होते, हा धडा तर मी शिकलेच होते ना! तरी पिंग बंद. डी वर टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन लावलं तर पॅकेट येताना दिसतंय, आणि पुढे जातच नाही. कुठे गडप होतंय ते कळेना.

ते आरपी फिल्टर होतं. लिनक्समध्ये ही सेटिंग १ असेल तर मशीन आलेल्या पॅकेटवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे बघतं आणि विचार करतं, याला मी उत्तर दिलं असतं तर याच इंटरफेसवरून दिलं असतं का? नसतं, म्हणजे पत्ता खोटा असू शकतो, टाकून द्या. खोट्या पत्त्यानं पॅकेट पाठवणाऱ्यांना अडवायला हे चांगलंच आहे, पण माझ्या लॅबमध्ये रस्ते खरंच वेगवेगळे होते. मी त्या इंटरफेसवर ० केलं तरी फरक पडला नाही, कारण 'ऑल' या सगळ्यांसाठीच्या सेटिंगची किंमत आणि इंटरफेसची किंमत यातली जी मोठी ती लागू होते आणि ऑल तर १ होतं. मग इंटरफेसवर २ केलं, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याला कुठूनही रस्ता असला तरी चालेल, आणि पिंग सुरू झालं. राउटरला पॅकेट कुठून आलंय याच्याशी घेणंदेणं नसतं असं मी वर लिहिलंय, तर हा त्याला अपवाद, आणि तो मला असा भेटला.

बीजीपीची, म्हणजे इंटरनेटवरची मोठी नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात त्या प्रोटोकॉलची, लॅब मी खूप घाबरत केली. पण त्यातला एक प्रयोग सगळ्यांनी करावा असा आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ हा रूट टाकला (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका पत्त्यांचा गट लहान आणि नेमका), तो बाहेर गळला, वरच्या कंपनीनं तो जगाला पुढे सांगितला, आणि यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ सांगत असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी जास्त नेमका म्हणून २४ वाला निवडला. दोनेक तास यूट्यूब जगात बहुतेक ठिकाणी बंद होतं. मी चार राउटर घेतले, खासगी एएस नंबर, म्हणजे बीजीपीत प्रत्येक नेटवर्कची ओळख, ६५००१ पासून पुढचे दिले, एकानं २२ सांगितलं, सगळं सुरळीत चाललं, मग दुसऱ्या टोकाच्या राउटरवर नेटवर्कची एकच ओळ, २४ वाली, टाकली. एका ओळीनं मधल्या राउटरचं सगळं तोंड तिकडे फिरलं. मधल्या राउटरवर कुणीही काहीही बदललं नव्हतं, त्यानं ऐकलं आणि विश्वास ठेवला. मग खऱ्या मालकाकडूनही २४ सांगायला लावलं, तेव्हा कुठे काही वाहतूक परत आली, आणि मालकाकडून दोन २५ सांगितल्यावर सगळीच आली. यूट्यूबनंही त्या दिवशी हेच केलं होतं. बातमीत वाचलेली घटना आपल्याच टेबलमध्ये ओळीओळीनं घडताना बघितली की अंगावर काटा येतो.

हल्ली एकटीनं मोडण्यात मजा येत नाही, कारण स्वतः केलेला बिघाड स्वतःला माहीत असतो. म्हणून मी आणि माझी एक मैत्रीण लॅबची अदलाबदल करतो, एकीनं चालू लॅब बिघडवून द्यायची आणि दुसरीनं शोधायचं, कॉन्फिगरेशनची फाइल शेजारी ठेवून तुलना करायची नाही, फक्त शो कमांड, म्हणजे राउटरची स्थिती नुसती दाखवणाऱ्या. तिनं एकदा एका बाजूचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० वरून १४०० केला होता, त्यात ओएसपीएफचे शेजारी एक्सस्टार्ट आणि एक्सचेंज या मधल्या पायऱ्यांच्या आसपास अडकून बसतात आणि फुल पर्यंत, म्हणजे ओळख पूर्ण होण्यापर्यंत, पोहोचतच नाहीत, मजा म्हणजे साधं पिंग मात्र चालतं. ते अर्ध्या तासात सापडलं. पण मागच्या महिन्यात तिनं जे केलं त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

सात राउटर, सगळे शेजारी फुल, एरर काही नाही, आणि एका टोकाचे दोन रूट येतात आणि जातात. शो आयपी राउट दिलं की आहेत. मिनिटाभरानं दिलं की नाहीत. परत आहेत. मी लिंक तपासल्या, टायमर तपासले, एरिया तपासले. तिला मेसेज केला, "एक हिंट दे ना." ती म्हणाली, "नावं वाच." मला वाटलं होस्टनेम म्हणतेय, ते तर सगळे वेगळे होते. दुसऱ्या दिवशी ओएसपीएफचा डेटाबेस उघडून सावकाश वाचत बसले तेव्हा एका एलएसएचा, म्हणजे एका राउटरनं स्वतःबद्दल सगळ्यांना सांगितलेल्या माहितीचा, सिक्वेन्स नंबर दर वेळी बघावं तर वाढलेला. म्हणजे कुणीतरी तीच माहिती पुन्हा पुन्हा नव्यानं सांगतंय. मग एकेका राउटरवर जाऊन राउटर-आयडी, म्हणजे ओएसपीएफमधलं त्याचं नाव, बघितला. दुसऱ्या आणि सहाव्याचा आयडी एकच, २.२.२.२. दोघं एकमेकांचे थेट शेजारी नसल्यामुळे कुठेच भांडण दिसत नव्हतं, पण दुसऱ्यानं आपली माहिती सांगितली की सहाव्याला वाटायचं ही माझ्याच नावानं चुकीची माहिती फिरतेय, तो नव्या नंबरनं स्वतःची सांगायचा, मग दुसरा परत, आणि बाकीचे पाच राउटर बिचारे जे शेवटचं ऐकलं त्यावर नकाशा काढत बसायचे.

सहाव्याचा आयडी ६.६.६.६ केला. फरक नाही, कारण आयडी नुसता बदलून चालत नाही, ओएसपीएफची प्रोसेस क्लिअर करावी लागते. केली. शेजारी पडले, परत उभे राहिले, एकेक करून फुल. दहा मिनिटं मी काही न करता फक्त दर मिनिटाला टेबल बघत होते, दोन्ही रूट जागच्या जागी.

तिला स्क्रीनशॉट पाठवला. आता तिला लॅब द्यायची पाळी माझी आहे, आणि मी तिच्यासाठी चौकोनातली एक वाट जाताना वेगळी आणि येताना वेगळी करून ठेवतेय, मध्ये लिनक्सचा एक राउटर टाकून.